वस्त्र जीर्ण केव्हा होते?

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. तिगावात झड लागली होती. कपाशीचे निंदण खोळंबले होते आणि करण्यासारखे काही नाही म्हणून मी ओसरीत बसून घाटाकडून येणाऱ्या मालगाडीचा आवाज ऐकत होतो. अशात नागपूरहून माझी पुतणी आली. ती तिथे कपड्यांच्या डिझाइनिंगचे शिक्षण घेते. ओली छत्री कोपऱ्यात टेकवता टेकवताच तिने विचारले, "काका, आजीची पेटी उघडू का? त्यातलं जांभळं लुगडं मले पाहिजे होतं."

"नेसाले?"

"नाही. कापाले."

आत माझी थोरली बहीण चहा करीत होती. तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "मायच्या लुगड्याले कैची लावतं?" एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा चुलीकडे वळली. त्या दिवशी त्या विषयावर कोणी बोलले नाही. परंतु मुलगी हट्टी. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याने एक 'फॉल कलेक्शन' सादर करायचे असते, आणि ते म्हणजे काय हे काकाला कळल्याशिवाय लुगडे मिळणार नाही, हे तिने ओळखले. पुढचे तीन दिवस, वीज असेल तेव्हा, ती मला आपल्या लॅपटॉपवर जगातल्या मोठ्या मोठ्या डिझायनरांचे शरद ऋतूचे संग्रह दाखवीत राहिली. पस्तीस वर्षे शाळेत शिकवलेला मी, या वयात विद्यार्थी झालो.

पहिली अडचण 'फॉल' या शब्दाचीच. आमच्या दुभाषी मुलखात प्रत्येक वस्तूला दोन नावे असतात, इथे तिसरेही आले. पुतणी हिंदी शाळेत शिकली, तिला 'पतझड' आठवली. माझ्या मनात 'शरद' आला. पण शरदात आमच्याकडे पाने गळत नाहीत. तेव्हा तर रान हिरवेगार असते, आणि कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात. आमचा सागवान उघडा पडतो तो माघ-फाल्गुनात. गंमत अशी की, पॅरिस आणि मिलानमध्ये तयार कपड्यांचे 'फॉल' संग्रह दाखवतात ते नेमके फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि अगदी उंची, हाताने शिवलेल्या पोशाखांचे जुलैमध्ये. म्हणजे त्यांची पानगळ जाहीर होते तेव्हा एकदा आमचे साग खरोखरच गळत असतात आणि एकदा आमच्या बाया चिखलात वाकून निंदत असतात. 'कलेक्शन' या शब्दाला आपल्याकडे साधा शब्द आहे, वेचणी. आमचे शरदातले कलेक्शन म्हणजे कापसाचा पहिला वेचा. त्या दिवशी वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच ओटीत कापूस घेतात. मुंबईत लॅक्मे फॅशन वीक हा सोहळा भरत आला आहे. तेथील लोकांनाही हे उमगले असावे, कारण त्यांनी आपल्या एका हंगामाचे नाव 'विंटर-फेस्टिव्ह' असे ठेवले. भारतीय माणूस थंडीसाठी नव्हे, सणासाठी नवे कापड घेतो.

आता माझ्या मनावर काय उमटले ते सांगतो. पहिल्या दिवशी राग आला. सडपातळ मुली न हसता, कोणाकडेही न पाहता चालत येतात आणि परत जातात. अंगावर जे आहे ते घालून विहिरीवर जाता येईल का, एस.टी.त चढता येईल का, असे प्रश्न माझ्या मनात येत होते. मग तिने १९८२ सालचा एक संग्रह दाखवला. रेई कावाकुबो या जपानी बाईंनी पॅरिसमध्ये भोके पडलेले काळे स्वेटर मांडले होते. मी म्हटले, "आमच्या मायनं जलमभर भोकं रफू केले अन् ही बाई भोकं विकते?" पुतणी शांतपणे म्हणाली, "तिनं मशीनचे स्क्रू ढिले करून ती भोकं विणली काका. तिच्या लेखी ती लेस होती." मी गप्प झालो. गरिबीने पडलेले छिद्र आणि इच्छेने पाडलेले छिद्र एकच नव्हे, हे खरे. पण फाटक्यातही रूप असू शकते हे पाहायला कोणीतरी डोळे उघडे ठेवले होते, हेही खरेच.

तिसऱ्या दिवशी वैशाली शडांगुळे यांचा संग्रह पाहिला. या आपल्याच मध्य प्रदेशातल्या, विदिशेच्या. मालाडच्या लहानशा दुकानापासून सुरुवात करून जुलै २०२१ मध्ये त्या पॅरिसच्या 'ओत कुत्यूर' सप्ताहात पोहोचल्या. भारतीय स्त्री डिझायनरला तो मान प्रथमच मिळाला. संग्रहाचे नाव 'श्वास'. हातमागाच्या कापडाच्या बारीक दोऱ्या वळून, त्या एकमेकींत गुंफून त्यांनी अशी वस्त्रे केली होती की, ओढ्याकाठची वेल किंवा झाडाची उघडी मुळे आठवावीत. ते पाहताना मला पहिल्यांदाच असे वाटले की, या कपड्यामागे विणणारा कुणीतरी आहे. उरलेल्या अनेक संग्रहांत तो दिसत नव्हता. आमच्या सौंसर तालुक्यात, बोरगावला, रेमंडच्या गिरणीत तीस वर्षांहून अधिक काळ सुटिंगचे कापड तयार होते. कुठल्या शहरात कुणाच्या अंगावर ते जाते, हे इथे कोण सांगणार? आणि पांढुर्ण्याच्या बाजारात विकलेल्या कापसाचे पुढे काय झाले, हे आमच्यापैकी किती जणांनी कधी विचारले?

इथून खऱ्या प्रश्नाला सुरुवात झाली. गीतेत देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा आत्मा देह बदलतो. त्यातला 'जीर्ण' हा शब्द आपण घाईने वाचतो. टाकायचे ते जीर्ण झालेले. आमच्या घरी या शब्दाचा अर्थ फार लांबवर जात असे. लुगडे आधी लग्नकार्याचे, मग बाजाराचे, मग वावरातले. मग त्याचे दोन तुकडे जोडून दांड घालायचा. तेही फाटले की गोधडी, तान्ह्या लेकराची दुपटी, आणि अगदी शेवटी चूल सारवायचे पोतेरे. इतके झाल्यावर ते जीर्ण. फॅशनच्या जगात मात्र नवा हंगाम जाहीर झाला की न नेसलेले वस्त्रही जुने होते. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात दोन कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता. ते उघड झाल्यावर २०१८ मध्ये तिने ही प्रथा बंद केली. फ्रान्सने तर त्याविरुद्ध कायदाच केला. अंगाला न लागलेले कापड जाळायचे, का, तर ते स्वस्तात विकले तर नावाची किंमत कमी होईल!

पण कापड जाळण्याचा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. १९२१ च्या जानेवारीत गांधीजी छिंदवाड्याला आले होते. त्याच वर्षी जुलैअखेर मुंबईत विदेशी कापडाची होळी झाली आणि सप्टेंबरात मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला. त्या होळीला रवींद्रनाथांनी हरकत घेतली. ज्यांच्या अंगावर वस्त्र नाही त्यांच्या हक्काचे कापड आपण कसे जाळावे, असा त्यांचा सवाल होता. एक होळी स्वाभिमानासाठी आणि दुसरी किमतीसाठी. दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत. परंतु रवींद्रनाथांचा प्रश्न दोन्हींना लागू आहे. वस्त्र शेवटी कोणासाठी असते?

हे सगळे पुतणीला ऐकवून मी काहीसा विजयी मुद्रेने म्हणालो, "म्हणून सांगतो, मायचं लुगडं पेटीतच राहू दे." तेव्हा तिने विचारले, "आजी ते कधी नेसली होती का, काका?"

या प्रश्नाची मी कित्येक वर्षे चुकवाचुकवी करीत आलो होतो.

ते लुगडे मी १९७४ साली माझ्या पहिल्या पगारातून घेतले होते. जांभळे, लाल काठाचे. वडिलांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. विधवा बाईने असा काठ नेसायचा नाही, हे दुकानात उभा असताना मला ठाऊक नव्हते काय? होते. तरी घेतले. आईने घडी उलगडली, काठावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "ठेव बापू. चांगल्या दिवसाले नेसीन." तो चांगला दिवस उजाडला नाही. तिने नेसले नाही आणि मी एकदाही म्हटले नाही की, माय, नेस, कोण काय म्हणते ते मी पाहून घेतो. मी गावातला शिकलेला मास्तर. वर्गात सुधारकांचे धडे शिकवीत होतो. पण माझ्या घरात आईने कोणता रंग ल्यायचा, हे आळीतल्या चार तोंडांनी ठरवले आणि मी ते ठरवू दिले.

फॅशनवाले दर सहा महिन्यांनी सांगतात, हे घाला, ते टाका. त्याला आपण नावे ठेवतो. रूढी तर जन्मभर एकच सांगते, हे घालू नका. तिला आपण संस्कार म्हणतो. दोन्हीकडे ज्याचे अंग त्याला कोणी विचारत नाही. फरक एवढाच की, फॅशनचे हुकूम न पाळणाऱ्याला लोक मागासलेला म्हणतात आणि रूढीचे न पाळणारीला आणखी काय काय म्हणतात, ते लिहिण्याची गरज नाही.

आम्ही पेटी उघडली. कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांचा चुरा झाला होता. लुगडे रंगाने तसेच होते. पण पुतणीने ते हळूच उलगडले तेव्हा घडी जिथे जिथे होती तिथे तिथे कापड विरले होते. एकही दिवस अंगाला न लागता ते घडीवर फाटले होते. म्हणजे वस्त्र तीन प्रकारे जुने होते तर. एक, अंगावर वापरून. दुसरे, बाजाराने जुने ठरवल्यामुळे. आणि तिसरे, पेटीत जपून. यातला पहिलाच प्रकार मला आता स्वाभाविक वाटतो. उरलेल्या दोहोंत कापडही वाया जाते आणि विणणाऱ्याचे श्रमही. दुसऱ्या प्रकारावर मी तीन दिवस तावातावाने बोललो होतो. तिसऱ्याचा अपराधी मी स्वतः होतो.

लुगडे मी तिला दिले. कात्री लागली तेव्हा मी वावरात निघून गेलो. एवढे धैर्य माझ्यात नव्हते.

यंदा फाल्गुनात, सागाची पाने गळत असताना, नागपूरला तिच्या वर्गाचे संग्रह मांडले गेले. तिने त्या लुगड्याचा लांब, पायघोळ डगला केला होता. आत घरचाच कापूस भरला होता. घडीवर विरलेल्या जागा तिने लपवल्या नव्हत्या. त्यांवरून गोधडीचा धावदोरा घातला होता, लाल दोऱ्याने, दुरूनही दिसेल असा. परीक्षकांनी किती गुण दिले ते मी विचारले नाही. दुसऱ्या एका मुलीने तो घालून चालून दाखवला. लाल काठ तिच्या खांद्यावरून खाली येत होता, आणि पन्नास वर्षांत प्रथमच तो काठ कोणाच्या तरी अंगावर होता. मला आनंद झाला आणि शरमही वाटली. दोन्ही बरोबरच असतील. एका डगल्याने आईचे काही परत मिळत नाही, हे मी जाणतो. जिला नेसायचे होते ती नेसली नाही, ती नाहीच.

दिवाळी आता तोंडावर आली आहे. आपण सगळेच कापडाच्या दुकानात जाणार, आणि जावेच. नव्या कापडाचा वास हा काही पाप नव्हे. फक्त घेताना एवढे पाहावे की, घरात कुणाच्या पेटीत 'चांगल्या दिवसाले' म्हणून काही पडून तर नाही, आणि तो दिवस आपल्यामुळे तर अडलेला नाही.

थोरली बहीण नागपूरला आली नव्हती. त्या दिवसापासून तिने लुगड्याचे नाव काढले नव्हते. परवा फराळाचे भाजणे चालू असताना पुतणी घरी आली, तेव्हा तिच्याकडे न पाहताच बहीण म्हणाली, "उरला असंन एखादा तुकडा तं मले आणून दे. गोधडीत लावतो."