आठवणींचे देणे



घरातील म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या आयुष्याविषयी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते, "आमचं काय सांगायचं? राबलो, लेकरं वाढवली, झालं." या उत्तरात नम्रता आहे, पण एक गैरसमजही आहे. सांगण्याजोगे आयुष्य फक्त मोठ्या माणसांचे असते, असा तो समज. तो किती महाग पडतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. काही सेकंदांत सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या गावांतील दगडमातीची माळवदे कोसळली. सुमारे १०,००० माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किती दगावले, किती घरे पडली, हे सरकारी कागदांत नोंदले गेले. पण कोणत्या घरात चूल कुठे होती, वेळ अमावस्येची भज्जी आणि आंबील कोणाच्या हातची चांगली होई, लेकरांना झोपवताना आजी काय सांगे, हे कोणत्या कागदावर आले? सांगणारेही गेले आणि ज्या भिंती पाहून आठवावे, त्या भिंतीही गेल्या. त्या पहाटे वाचलेले तान्हे मूल आज तिशी ओलांडून गेले आहे. त्याची लेकरे विचारतात, "आपलं जुनं गाव कसं होतं?" त्याने काय सांगावे?

म्हणून प्रश्न पडतो, गेलेल्या माणसांचे आपण काही देणे लागतो का? न्यायाची एक जुनी व्याख्या आहे, ज्याचे त्याला देणे. संत थॉमस अक्वायनस यांनीही ती स्वीकारली. मृताला भाकर देता येत नाही, राहिलेली मजुरी देता येत नाही. पण त्याने काय केले आणि काय सोसले, हे खरेपणाने सांगता येते. ज्याच्या नावावर जमीन होती, त्याचे नाव सातबाऱ्यावर सापडते. पण त्याच जमिनीत जन्मभर खुरपणाऱ्या बाईचे? तिची नोंद घरच्यांनी ठेवली नाही, तर ती कुठेच राहत नाही.

असे काम महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही थांबू लागल्या होत्या. त्या गाणाऱ्या बायांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण सासरचा जाच, भावाची ओढ, लेकीची काळजी हे सारे त्यांनी ओवीत सांगून ठेवले होते. फक्त कोणीतरी जाऊन ऐकायला हवे होते.

परंतु लिहिताना एक मोह होतो. घराण्याचा मोठेपणा तेवढा सांगावा आणि कर्ज, दारू, भाऊबंदकी, सुनेचा छळ गाळून टाकावा. मग ती आठवण राहत नाही, जाहिरात होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आजही वाचली जातात, कारण त्यांनी टिळकांचा रागीट स्वभाव लपवला नाही आणि त्यांच्यावरचे प्रेमही लपवले नाही. खरे सांगणे म्हणजे उणेदुणे काढणे नव्हे.

दुसरी एक मर्यादाही पाळायला हवी. ज्या आईने ढिगाऱ्यातून आपले लेकरू बाहेर काढलेले पाहिले, तिला त्या रात्रीविषयी बोलायचे नसेल, तर तिच्या गप्प राहण्याचाही मान ठेवावा. गोष्ट तिची आहे. आपल्याला ऐकायची घाई आहे, एवढ्याने ती आपली होत नाही. जे ती "कोणाला सांगू नको" म्हणून सांगेल, ते वहीत जाऊ नये. मात्र तिच्या माहेराविषयी, लग्नातल्या जेवणाविषयी विचारावे. तिथे ती कदाचित हसून बोलेल.

संत लूक यांनीही शुभवर्तमान लिहिण्याआधी, ज्यांनी सारे डोळ्यांनी पाहिले होते त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा नीट शोध घेतला, असे ते स्वतः सुरुवातीला सांगतात. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. एक दोनशे पानी वही आणि घरातला मोबाईल पुरे. रात्रीची जेवणे झाल्यावर आजोबांजवळ बसावे. "तुमचं आयुष्य सांगा" म्हटले की माणूस अडतो. त्याऐवजी लहान प्रश्न विचारावा. १९७२ च्या दुष्काळात कोणत्या कामावर खडी फोडली? सुकडी कशी लागायची? मिलोची भाकर कोण थापायचे? बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवावे, शुद्ध करू नये. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. जुन्या फोटोंमागे कोण कोण आहे, तेही आजच लिहून ठेवावे. ओळखणारे डोळे घरात आहेत तोवरच हे होईल.

येत्या रविवारी मिस्सानंतर थोडा वेळ थांबा. ज्यांनी लिहायला सुरुवात केली असेल, त्यांनी वही बरोबर आणावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यायला आपल्या तरुण मुलामुलींना सांगू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू