स्पंजची वेळ

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई डोळ्यांपुढे येते. त्यांचा स्वतःचा भर मात्र आकड्यांवर होता. नोव्हेंबर 1854 मध्ये 38 परिचारिकांना घेऊन त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा तिथले सैनिक जखमांपेक्षा हगवण, कॉलरा आणि तापानेच अधिक मरत होते. फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्युदर 42 टक्क्यांवर गेला. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारचा स्वच्छता आयोग आला, त्याने तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत तो दर दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. घाणीने किती माणसं मरतात हे मोजून दाखवता येतं, ही जाण शुश्रूषेत तिथून रुजली.

1859 साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये त्यांनी अंगाच्या स्वच्छतेवर एक प्रकरण लिहिलं, तसंच रुग्णाच्या दिवसातल्या तोचतोचपणावरही लिहिलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसरात्र त्याच भिंती बघून काय होतं, फुलांच्या रंगाने किंवा सोबतीला असलेल्या एखाद्या छोट्या पाळीव प्राण्याने त्याला किती उभारी येते, दाराबाहेरची कुजबुज त्याला कशी छळते, हे सगळं त्यांनी बारकाईने नोंदवलं. आजाऱ्याला स्वच्छ ठेवणं आणि त्याला एकटं पडू न देणं ही त्यांच्या लेखी एकाच परिचारिकेची, एकाच दिवसातली कामं होती.

पुढच्या शंभर वर्षांत या दोन कामांची फारकत झाली. जंतू सापडले, निर्जंतुकीकरण आलं, आणि स्वच्छतेला शास्त्राचं बळ मिळालं. सोबत मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडली गेली.

स्वच्छतेच्या नावाखाली माणसाला त्याच्या माणसांपासून तोडलं की काय होतं, हे पुण्याने 1897 च्या प्लेगमध्ये भोगलं आहे. घरोघरच्या झडत्या आणि सक्तीचं विलगीकरण यांच्या धसक्याने लोक आजारी माणसं लपवू लागले. रोगाइतकीच भीती घरच्यांपासून दूर, परक्यांच्या हाती मरण्याची होती. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च रोजी त्यांचं निधन झालं. विलगीकरण चूक होतं असं यातून निघत नाही. दूर नेलेल्या माणसाजवळ कोण बसणार, याचा विचार तेव्हाच्या व्यवस्थेत फारसा नव्हता, एवढं नक्की दिसतं.

परिचारिकांनी हा प्रश्न संशोधनात आणला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. अमेरिकेतल्या हिल्डेगार्ड पेप्लाउ या मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका. रुग्ण आणि परिचारिका यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं मांडणारं त्यांचं पुस्तक 1948 मध्ये लिहून तयार होतं. पण सोबत डॉक्टरचं नाव नसलेलं परिचारिकेचं पुस्तक छापायला तेव्हा कोणी धजावेना, म्हणून ते 1952 मध्ये आलं. 1955 मध्ये त्यांनी एकाकीपणावर स्वतंत्र लेख लिहिला. एकटं असणं वेगळं आणि एकाकी असणं वेगळं, हा फरक त्यांनी परिचारिकांसमोर ठेवला. गजबजलेल्या वॉर्डातला रुग्णही एकाकी असू शकतो, हे त्यामुळे शुश्रूषेच्या भाषेत बोलता येऊ लागलं.

पण वॉर्ड चालायचा कसा? लंडनच्या एका मोठ्या शिक्षण रुग्णालयात मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी अभ्यास केला आणि 1960 च्या सुमाराला तो प्रसिद्ध केला. तिथे काम रुग्णवार वाटलेलं नव्हतं, ते कृतीवार वाटलेलं होतं. एकीने सगळ्यांचे ताप घ्यायचे, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने व्हायचा. मेन्झीस यांनी यामागचं जे कारण शोधलं ते हलवून सोडणारं आहे. रोज मृत्यू, वेदना आणि उघडी शरीरं हाताळताना वाटणारी धास्ती सहन व्हावी म्हणून संस्थेनेच ही पद्धत उभी केली होती, आणि तिने धास्ती कमी होत नव्हती. शिकाऊ परिचारिकांपैकी जवळपास एक तृतीयांश प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. रुग्णाचं एकाकीपण आणि परिचारिकेचं एकाकीपण एकाच कामवाटपातून येत होतं.

त्याच काळात लंडनमध्येच डोरीन नॉर्टन या परिचारिका वृद्धांच्या बेडसोरवर काम करत होत्या. पाठीला काहीबाही चोळण्याच्या जुन्या रिवाजापेक्षा वेळेवर कूस बदलणं जास्त उपयोगी पडतं, हे त्यांच्या 1962 च्या अभ्यासाने दाखवलं. कोणाला धोका अधिक हे ठरवणारं नॉर्टन यांचं मोजमाप नंतर जगभर पोचलं. त्यातल्या पाच निकषांपैकी एक रुग्णाच्या मनाच्या अवस्थेचा आहे. कातडीचा अंदाज घ्यायचा तर माणूस भानावर आहे का, तो प्रतिसाद देतो का, हेही पाहावं लागतं.

शतकाच्या शेवटी प्रश्न उलट्या बाजूने समोर आला. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे रुग्णांना स्वतंत्र खोलीत ठेवणं, आत जाताना गाउन आणि हातमोजे घालणं सक्तीचं झालं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अमेरिकी निरीक्षणात आढळलं की अशा खोल्यांत कर्मचारी निम्म्यानेच फिरकतात. 2003 मध्ये टोरांटो आणि बॉस्टनमधल्या रुग्णांच्या अभ्यासात, वेगळं ठेवलेल्यांना उपचारादरम्यान इजा होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या घरात निघालं. जंतू अडवण्याचा उपाय आवश्यक होताच. पण दारावर विलगीकरणाची पाटी लागली की भेटी घटतात, आणि त्याचा जाच मनाइतकाच शरीरालाही होतो. 2020 च्या कोविड वॉर्डांत नातेवाइकांना बंदी झाली तेव्हा पीपीई किट घातलेल्या परिचारिका रुग्णाच्या तोंडासमोर मोबाइल धरून उभ्या राहत. त्या कामाची नोंद कोणत्या चार्टवर करायची, हे ठरलेलं नव्हतं.

बिएट्रिस कॅलिश यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांना थेट विचारलं, ड्यूटीत काय राहून जातं? नऊ गोष्टी पुढे आल्या. चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं यांच्याबरोबर अंगाची स्वच्छता आणि मानसिक आधार या दोन्ही त्या यादीत होत्या. नाइटिंगेल यांच्या पुस्तकात शेजारी असलेली ही कामं दीडशे वर्षांनी राहून गेलेल्या कामांच्या यादीत पुन्हा शेजारी आली. हात कमी पडले की दोन्ही एकदमच सुटतात.

दोन्ही एकत्र सावरताही येतात, याचा सर्वांत ठोस पुरावा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या आंघोळीतून आला. शुश्रूषागृहांत हे लोक शॉवरखाली ओरडतात, मारतात, चावतात. वर्षानुवर्षं तो आजाराचा भाग मानला जाई. जोआन रेडर आणि बेव्हर्ली हॉफर या परिचारिकांनी डॉक्टर फिलिप स्लोन यांच्यासह ते वेगळ्या नजरेने पाहिलं. अनोळखी हात, अंगावर कपडा नाही, गार फरशी, अचानक डोक्यावर पाणी. घाबरणारच ना माणूस! ऑरेगन आणि नॉर्थ कॅरोलिनामधल्या 15 शुश्रूषागृहांत, 73 वृद्धांवर त्यांनी चाचणी घेतली. ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. एका पद्धतीत शॉवरच, पण अंग टॉवेलने झाकून, बोलत, त्या माणसाच्या सवयी सांभाळून. दुसरीत खाटेवरच, धुवावा न लागणाऱ्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेला मोठा टॉवेल अंगावर पांघरून, हलक्या हाताने चोळत. मारहाणीचे प्रसंग पहिल्या पद्धतीत 53 टक्क्यांनी आणि दुसरीत 60 टक्क्यांनी घटले. कातडीवर घातक जंतू वाढले नाहीत. शॉवरला सरासरी 3.3 मिनिटं जास्त लागली, टॉवेलला तर वेळ लक्षणीय वाढलाच नाही.

हे आकडे प्रत्येक मेट्रनने आणि प्रत्येक रुग्णालय प्रशासकाने वाचायला हवेत. वेळ नाही म्हणून माणुसकीने वागता येत नाही, हा युक्तिवाद इथे 3.3 मिनिटांवर येऊन ठेपतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी वॉर्डात चित्र निराळं आहे. इथे स्पंज देते ती बहुधा बायको, मुलगी किंवा सून. पाण्याची बादली आणते मावशी. भारतीय परिचर्या परिषदेचा शिक्षण रुग्णालयांसाठीचा दंडक तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे, आणि रात्रपाळीला वॉर्डातून एक फेरी मारली तरी तो कागदावरच राहिल्याचं कळतं. नातेवाइकांमुळे आपला रुग्ण एकाकी नसतो, असं आपण गृहीत धरतो. ज्याच्याजवळ कोणीच नाही असा म्हातारा, गावाहून एकटी आलेली क्षयरोगी बाई, आयसीयूच्या दारापलीकडे गेलेला रुग्ण यांना हे गृहीतक लागू नाही. शिवाय आईचं अंग पुसताना अवघडलेल्या मुलाला, कूस कशी वळवायची हे न दाखवताच आपण मोकळं सोडतो.

नर्सिंग कॉलेजांतून दर वर्षी एम.एस्सी.चे प्रबंध तयार होतात. त्यांतले कितीतरी आधी प्रश्नावली, मग व्याख्यान, मग तीच प्रश्नावली या साच्यातले असतात. त्याऐवजी विद्यार्थिनींनी एका वॉर्डातल्या सकाळच्या स्पंजच्या वेळा लिहून काढाव्यात. कोणाला कोण पुसतं, पडदा ओढला जातो का, रुग्णाला नावाने हाक मारली जाते का, ज्याचं कोणी नाही त्याची पाळी किती वाजता येते. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. लागते ती परवानगी, एक वही, आणि निष्कर्ष अधिष्ठात्यांच्या टेबलावर ठेवणारी एखादी खंबीर मार्गदर्शक बाई.