पाय बदललेली खुर्ची

इंग्लंडमध्ये साधारण १६६० ते १७३० या काळात उंची फर्निचरासाठी अक्रोडाच्या लाकडाला मोठा मान होता. त्यावर बारीक कोरीवकाम उठून दिसते, पण कीडही लवकर लागते. त्यामुळे त्या काळातली हातांची कोरीव खुर्ची आज विक्रीला येते तेव्हा तिचा एखादा पाय किंवा बैठकीची चौकट बहुधा मागाहून बसवलेली असते. गादी तर बदललेलीच असते. मग विकली जाते ती तीच खुर्ची का?

हा प्रश्न ग्रीकांनी जहाजावरून विचारला. अथेन्सकरांनी आपला पुराणकथेतला वीर थीसिअस याचे जहाज जपले, कुजलेल्या फळ्यांच्या जागी नव्या घातल्या. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की तत्त्वज्ञ त्यावरून वाद घालत. १६५५ साली इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने पेच आणखी घट्ट केला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? खुर्च्यांच्या बाबतीत हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. संचातल्या जुन्या खुर्च्या सुट्या करून, त्यांचे भाग नव्या भागांबरोबर वाटून खुर्च्यांची संख्या वाढवण्याची लबाडी या व्यापारात जुनीच आहे.

भारतातही हा वाद झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? यांपैकी एकही रथ नाही, आणि यांच्याखेरीज वेगळा रथही सापडत नाही; ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हे मान्य नाही. अवयवांहून अवयवी, म्हणजे त्यांची बनलेली सबंध वस्तू, वेगळा आहे, नाहीतर एक भाग धरून ओढल्यावर सगळी वस्तू कशी आली असती? खुर्चीचा हात धरून उचलला की चारही पाय जमिनीवरून सुटतात, हा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. पण या मताची किंमत जबर आहे: एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट, उरलेल्यांचा नवाच तयार. पाय बदललेली खुर्ची त्यांच्या हिशेबाने दुसरी ठरते.

सगळे भाग बदलूनही वस्तू तीच मानली जाते असेही उदाहरण आहे. पुरीच्या नवकलेवर या विधीत जगन्नाथाची कडुनिंबाची मूर्ती सबंध नवी घडते, तरी देव तोच राहतो, कारण जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो. २०१५ साली हा विधी झाला. तिथे एकपणा कशात आहे हे श्रद्धेने ठरवलेले आहे. खुर्चीत असा गाभा नाही.

तरी खुर्चीचे सगळे भाग सारख्या मोलाचे मानणे चूक आहे, आणि वरच्या वादांत नेमके हेच सुटते. पाय भार पेलतो. तेवढ्याच मापाचा दुसरा पायही तो पेलेल. पाठीच्या माथ्यावरच्या कोरीव पानांत मात्र एका कारागिराच्या पटाशीची चाल उमटलेली असते, आणि ती दुसऱ्या हाताने भरून निघत नाही. बसण्याची वस्तू म्हणून खुर्ची दुरुस्तीतून अखंड चालू राहते. हातांनी घडलेली कृती म्हणून ती जेवढी मूळ उरली तेवढीच उरते. विकणाऱ्याने ‘जुनी’ एवढेच म्हटले तर या दोन गोष्टींची सरमिसळ होते. कोणता भाग केव्हा बदलला हे त्याने सांगितले, तर माथ्याची पट्टी नवी असलेली खुर्ची घेणाऱ्याला कळते की बैठक जुनी आहे, पण तो कारागीर तिच्यात आता नाही.