वहीतली चुकलेली रेघ

रेखाटनवही म्हणजे चित्राची पूर्वतयारी, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. ते अर्धेच खरे आहे. बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या तलावाकाठी बसून बगळा रेखाटणाऱ्याची मानेची रेघ तीनदा चुकते, तरी तो ती खोडत नाही. कारण त्या पानाला प्रेक्षक नसतो. तेच पान स्कॅन होऊन शेकडोंसमोर जाणार हे ठाऊक असले (आणि स्कॅन करायला आता फोनही पुरतो), की हात सावध होतो. नैतिक प्रश्न आहे तो या सावधपणाचा.

याउलट उदाहरण गंगाराम तांबटाचे. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी या पुणेकर कलावंताने १७९०च्या दशकात वेरूळची लेणी रेखाटली. पुढे त्याची चित्रे परदेशी गेली. त्यांपैकी बरीच आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. केंद्राने डिजिटल प्रतिमा खुल्या केल्यामुळे तांबटाची रेघ मराठी वाचकाला घरबसल्या पाहता येते. दोन शतकांनी ती, प्रतिमेच्या रूपाने का होईना, परत आली. हा लाभ कमी लेखण्याजोगा नाही.

मात्र तांबट दुसऱ्याने पाहावे म्हणूनच काढत होता. वहीतला बगळा तसा नाही. म्हणून जुन्या संग्रहांना शोभणारा खुलेपणाचा न्याय जिवंत माणसाच्या वहीला सरसकट लावता येत नाही. पान भरण्याआधीच ते दाखवायचे ठरवणे आणि भरल्यावर, काही वर्षांनी, त्यांतले एखादे निवडून दाखवणे, या दोन भिन्न कृती आहेत. दुसरीत चुकलेल्या रेघाही जशाच्या तशा येतात. पहिलीत त्या उमटतच नाहीत.