उतरंडीतले डॉक्टर

नांदेडच्या विष्णुपुरीत आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे आज आपल्या वस्त्यांतील मुलेमुलीही शिकत आहेत. प्रवेश मिळाला की घरी पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. परंतु वॉर्डातील पोस्टिंग सुरू झाल्यावर त्या मुलाला काय सोसावे लागते, हे तो घरी सांगत नाही.

वॉर्डात सर्वांत वर प्राध्यापक. त्यांच्या खाली तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर, मग दुसऱ्या वर्षाचा, मग पहिल्या वर्षाचा, त्याखाली इंटर्न आणि तळाशी विद्यार्थी. राऊंडमध्ये वरून निघालेली शिवी पायरीपायरीने खाली येते. रक्ताचे नमुने घेऊन लॅबकडे धावायचे, रिपोर्ट आणायचे, प्रसंगी चहाही आणायचा, आणि उत्तर चुकले तर रुग्णाच्या खाटेशी उभे राहून अक्कल काढून घ्यायची. यालाच शिक्षण म्हणतात!

यावर निवासी डॉक्टरांचे दोन बचाव असतात. पहिला असा, की येथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे, धाक नसेल तर हात तयार होत नाही. यात तथ्य आहे. औषधाची मात्रा चुकली तर कठोरपणे सांगितलेच पाहिजे. पण 'मात्रा चुकली' हे सांगणे वेगळे आणि 'तुझी लायकीच नाही, कोट्यातून आलास' हे सांगणे वेगळे. पहिल्याने चूक सुधारते. दुसऱ्याने विद्यार्थी पुढची चूक लपवायला शिकतो, आणि लपवलेल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरा बचाव कामाच्या भाराचा. तोही खोटा नाही. सलग बारा तासांहून अधिक काम नसावे असे 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत आहे. ते किती पाळले जाते हे कोणत्याही सरकारी रुग्णालयात रात्री जाऊन पाहावे. पण थकलेला निवासी डॉक्टर प्राध्यापकांवर ओरडत नाही. त्याचा थकवा नेमका खालच्यावरच कसा निघतो?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला तुच्छ लेखायला खाली कोणीतरी असते, म्हणून उतरंड टिकते. वॉर्डाची उतरंड जातीची नाही हे खरे. पण जात तिच्यात सहज शिरते. डॉ. पायल तडवी ही जळगाव जिल्ह्यातील आदिवासी तडवी भिल्ल समाजातील मुलगी. मिरजेला एम.बी.बी.एस. करून ती मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपविले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली. छळाचा आरोप ज्यांच्यावर झाला, त्या प्राध्यापक नव्हत्या. त्याही शिकणाऱ्याच होत्या, एकदोन पायऱ्या वर.

आणि पायरी चढल्याने सुटका होते असेही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या रुग्णालयात दोन दिवसांत एकतीस रुग्ण दगावले, तेव्हा पाहणीस आलेल्या खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतले. अधिष्ठाता आदिवासी समाजातील होते. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला.

विनयपिटकात आचार्य-शिष्याचे जे नियम आहेत, ते या वॉर्डांत वाचून दाखवावेत असे आहेत. शिष्याने उपाध्यायाची सेवा करावी: पाणी द्यावे, चीवर धुवावे. पण नियम तेथे थांबत नाही. उपाध्यायाने शिष्याला पुत्रवत मानावे, आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची तीच सेवा करावी. सेवा दोन्ही दिशांनी वाहते. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, ते काम खालच्याकडे ढकलले नाही.

आता अवघड प्रश्न आपल्याच घरातला. आपला मुलगा उद्या वरिष्ठ निवासी होईल. 'आम्ही सोसले, तुम्हीही सोसा' असे तो म्हणाला, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने त्याला काय सांगायचे? पगार किती, हे आपण विचारतो. तुझ्या हाताखालच्या मुलीला तू कोणत्या नावाने हाक मारतोस, हेही विचारले पाहिजे.

ज्याची मुले आज तळाशी आहेत त्यांनी एवढे जाणून असावे: महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. मानसिक छळही त्यात येतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.