आज्याची फणी आणि गिरणीचे दात

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यास मंडळात भांडण झालं. शहरातल्या एका संस्थेची माणसं आमच्या वस्तीत येऊन गेली होती. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्याकडं दोर वळायची परंपरागत कला आहे, ती मरू देऊ नका. लोक आता प्लास्टिकला कंटाळलेत. ताग, अंबाडी, घायपात यांच्या वस्तूंना शहरात भाव आहे. यंत्र नको, हातानंच करा, हातालाच किंमत आहे. वस्तीतल्या तीन-चार बायांनी नावं दिली. त्यात माझी चुलतीही होती.

हे मंडळात निघाल्याबरोबर एक दोस्त उसळला. "बाबासाहेबांनी गावकीची घाण कामं सोडा म्हणून सांगितलं आणि तुम्ही पुन्हा वाख सोलायला बसणार? लाज वाटत नाही?" दुसरा म्हणाला, "पोटाला मिळतंय तर लाज कसली?" मी गप्प बसलो. दोन्ही बाजू माझ्याच डोक्यात होत्या. त्या रात्री तिसऱ्या पाळीला कार्डिंगच्या मशीनसमोर उभा असताना जे डोक्यात फिरलं ते इथं लिहितो आहे. मी शिकलेला माणूस नाही. दहावीनंतर जे वाचलं ते सार्वजनिक वाचनालयात आणि जेवणाच्या सुट्टीत. चुकत असलो तर तोंडावर सांगा.

आधी फणीचं सांगतो.

आमचा आजा मांगवाड्यात दोर वळायचा. अंबाडीच्या पेंढ्या ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली बुडवून ठेवायच्या. पंधरा-वीस दिवसांनी साल कुजून सुटते. तो वास एकदा नाकात बसला की अंघोळीनं जात नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, आपटायची, धुवायची, वाळवायची. मग फणी. फणी म्हणजे लाकडाची जाड फळी आणि तिला ओळीनं ठोकलेले लांब खिळे. वाखाची जुडी मुठीत धरून खिळ्यांवरून ओढायची. आधी टोकाकडनं, मग हळूहळू आत आत. पहिल्यांदाच मधनं ओढली तर सगळा गुंता होतो नि वाख तुटतो. लांब धागा मुठीत राहतो, आखूड खिळ्यांत अडकतो. लांबाचा नाडा, कासरा, दावं. आखडाची सुतळी.

पोळ्याला नवी दावी, नवे कासरे घेऊन आजा दारोदार जायचा. सुगीला बलुत्याची पेंढी मिळायची, ती किती, हे देणारा ठरवायचा. आजाच्या हातचा नाडा गावच्या विहिरीत उतरायचा, पाण्याला लागायचा, भरलेलं भांडं घेऊन वर यायचा. आजानं पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. हे सांगताना आजा हसायचा. "दोर चालतोय रं त्यास्नी. दोरवाला न्हाय चालत."

१९७२ च्या दुष्काळात ओढा आटला. अंबाडी भिजवायला पाणीच नाही. आजा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. पुढं बाजारात नायलॉनचा दोर आला, कुजत नाही, तुटत नाही, स्वस्त. मग आजाला कुणी हाक मारायचं कारण उरलं नाही. मी लहान असताना त्याला विचारलं होतं, तुला वाईट वाटलं का? तो म्हणाला, "वाईट कशाचं? सुटलो म्हणायचं." थोड्या वेळानं म्हणाला, "पर हात रिकामं झालं." ही दोन वाक्यं त्यानं एका दमात का म्हटली, ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. सगळा लेख त्यासाठीच आहे म्हणा.

आता मी. सूतगिरणीत लागलो तेव्हा मुकादमानं गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि म्हणाला, "कार्डिंगला जा." कार्डिंग आणि ब्लो-रूम ही गिरणीतली सगळ्यात धुळीची खाती. आडनावामुळं धाडलं की जागा रिकामी होती म्हणून, हे मला सिद्ध करता येणार नाही. आपल्याला नेमकं हेच कधी सिद्ध करता येत नाही. कार्डिंग म्हणजे यंत्रानं विंचरणं. कापूस दातांवरून जातो, कचरा गळतो, धागे सुटे होतात आणि पेळू होऊन डब्यात पडतो. कापसाचं तंतू बोटाच्या पेराएवढा. तिथं मला आजाची फणी कधी आठवली नाही.

आठवली ती हुगळीकाठी. दोन वर्षांमागं कामगारांच्या एका शिबिरासाठी कोलकात्याला गेलो होतो. तिथल्या एका दोस्ताच्या ओळखीनं एका ज्यूट गिरणीत आत जाऊन बघता आलं. बंगालमधली पहिली ज्यूट गिरणी १८५५ साली रिश्र्याला निघाली, यंत्रं आली स्कॉटलंडातल्या डंडी गावाहून. ताग इथला, घाम इथला, दात तिकडचे. डंडीत देवमाशांची शिकार करून आणायचे आणि त्याच तेलानं कडक ताग मऊ करायचे, तेव्हा कुठं तो यंत्रावर चालायला लागला. आता तेल वेगळं असतं, रीत तीच. तेल-पाण्यात मऊ केलेला ताग ढीग घालून एक-दोन दिवस मुरवायचा, मग ब्रेकर कार्डावर.

ब्रेकर कार्ड बघून मी जागीच थांबलो. चार फूट व्यासाचं, सहा फूट रुंद लोखंडी पिंप, अंगभर टोकदार खिळे. समोर एक माणूस वजन केलेला ताग पट्ट्यावर पसरतोय. बाजूला घड्याळासारखी तबकडी. काट्याची एक फेरी होईपर्यंत ठरलेल्या वजनाचा ताग पसरून झालाच पाहिजे, नाहीतर पेळू कुठं जाड कुठं बारीक येतो. माणूस ताग बघत नव्हता, काटा बघत होता. पुरुषभर उंचीच्या तागाच्या लडी आत जातात, ते पिंप भन्नाट फिरत त्यांना ओढून घेतं, फाडतं. अंगाला लागून छोटे खिळेवाले रूळ हळू फिरतात, त्यांचे दात उलट्या बाजूला कललेले. पिंप पुढं ओढतंय, रूळ मागं धरतोय, त्या ओढाताणीत ताग विंचरला जातो. गंमत बघा, या मागं धरणाऱ्या रुळाला कारखान्याच्या भाषेत 'वर्कर' म्हणतात. त्याच्या शेजारच्या रुळाचं नाव 'स्ट्रिपर'. वर्करनं धरून ठेवलेलं सगळं तो काढून घेतो आणि पिंपाला परत देतो. ही नावं देणाऱ्यानं काही मनात ठेवून दिली नसतील. मी मात्र दोस्ताला दोनदा विचारून घेतलं, खरंच हीच नावं का म्हणून.

पसरणाऱ्यानं मला थोडा ताग हातात दिला. आणि माझ्या हातानं आपोआप जुडी वळवून टोक पुढं घेतलं. मी आयुष्यात वाख विंचरला नाही, लहानपणी नुसता बघितलेला. तो माणूस हसला, त्याला कळलं. मला अभिमान वाटला, आणि लगेच अभिमान वाटल्याची चीड आली. कसला अभिमान? ही कला आमच्या आज्यानं निवडली होती का? जन्माबरोबर गळ्यात बांधलेलं दावं ते. मग त्यात हाताला जे कळलं, बोटांत जे उतरलं, ते कुणाचं? गावाचं? जातीचं? की आजाचं स्वतःचं? बेडी घडवून घेणारा दुसरा, पण बेडीत चालता चालता जी चाल येते ती तर चालणाऱ्याचीच असते ना?

माझ्या दोस्ताचं उत्तर सोपं आहे: बेडीबरोबर चालही टाका. संस्थेवाल्यांचं उत्तर त्याहून सोपं: चाल सुंदर आहे, बेडीचं नाव काढू नका. त्यांच्या छापील कागदावर 'पिढ्यान् पिढ्यांची कला' असं लिहिलंय. त्या पिढ्या ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात का उभ्या होत्या आणि दुसऱ्या आळीतलं कुणीच का नव्हतं, यावर एक ओळ नाही.

यंत्रावर राग धरणाऱ्यांचंही मला पटत नाही. गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये यंत्राला नावं ठेवली. बाबासाहेबांनी १९४५ च्या, काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात त्याला रोख उत्तर दिलं. जनावरासारखं राबण्यातून माणूस सुटायचा, त्याला विचार करायला, वाचायला फुरसत मिळायची, तर यंत्र पाहिजेच. बिघाड यंत्रात नाही, ते कुणाच्या मालकीचं आणि कुणाच्या फायद्यासाठी चालतं यात आहे, असा त्यांचा रोख. मी तिसऱ्या पाळीला हे वाचलेलं आठवतो तेव्हा पहिल्यांदा छाती फुगते, आणि मग खोकला येतो. कापूस, लिननचा जवस, हेम्प यांच्या धुळीनं छातीला जो रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. यंत्र निर्दोष आहे हे मला मान्य आहे. पण त्या निर्दोष यंत्राच्या तोंडाशी कुणाला उभं करायचं हे ठरवणारा डोळा निर्दोष नसतो.

याला जुना दाखला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आमच्या तोंडची थुंकी लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. विणकाम खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढं ठेवला. वर्गाची भाषा बोलणारे कामगार होते ते, मालक नव्हेत. धोट्याला जात माहीत नव्हती. विहिरीच्या नाड्याला तरी कुठं माहीत होती?

आता दोस्ताच्या 'लाज' या शब्दाकडं येतो, कारण तो मला खिळ्यासारखा लागला.

विंचरायच्या दोन तऱ्हा आहेत. फणी निवड करते. युरोपात जवसाचा आणि हेम्पचा धागा असाच विंचरायचे, अजूनही यंत्रावर विंचरतात. लांब धागा वेगळा, त्याचं तलम कापड. आखूड गाळ वेगळा, त्याचं जाडंभरडं. तागाचं कार्ड तसं करत नाही. ते लांब, आखूड, शेंडा, बुडखा सगळं फाडून मिसळतं आणि एकच पेळू काढतं. सगळे सारखे होतात, पण सगळे तुटून. चळवळीत आपण यातलं काय करतोय? मला वाटतं, आपण एकतेचं भाषण कार्डाचं करतो आणि वागतो फणीसारखं. शिकला, नोकरीला लागला, शहरात गेला तो लांब धागा, त्याचा सत्कार. गावात राहिला, दोर वळला, झाडू मारला तो खिळ्यांत अडकलेला गाळ. माझ्या दोस्ताच्या आज्यानं १९५६ नंतर मेलेली ढोरं ओढणं सोडलं. हे धाडसाचं काम होतं, मी त्याला मानतो. माझ्या आज्याला कुणी सोड म्हणून सांगायलाही आलं नाही, दुष्काळानं सोडवलं. त्या फरकाची लाज मी का वाटून घ्यावी? आणि महारवाड्यानं मांगवाड्याला सांगायची ही लाज आली कुठून, हेही एकदा बसून बोललं पाहिजे. राग आला तरी चालेल.

फणीवाल्यांना कमी लेखू नका. स्कॉटलंडात या कामाला 'हेकलिंग' म्हणत. डंडीचे हेकलर कामावर असताना त्यांच्यातला एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे हात चालवत त्यावर वाद घालायचे, असं सांगतात. सभेत पुढाऱ्याला मध्येच उभं राहून भंडावणाऱ्याला इंग्रजीत 'हेकलर' म्हणतात, तो शब्द या विंचरणाऱ्यांवरूनच आला. रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा मोठा कवी. तोही १७८१ साली अर्विन गावात हेच काम शिकायला गेला होता. पुढं विंचरायची यंत्रं आली आणि हातांची ही माणसं गेली. शब्द तेवढा मागं राहिला. आपल्या मांगवाड्यात वाख विंचरताना कुणी पेपर वाचला नाही, कारण वाचायला येत नव्हतं. बोलत मात्र असतीलच. कोण काय बोललं ते कुणी लिहून ठेवलं?

चुलतीकडं गेलो. म्हटलं, काकू, मंडळात तुझ्यावरनं भांडण झालं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कला-बिला मला ठावं न्हाय. अंबाडी भिजवायचं हौद बांधून देणारेत का ओढ्यातच उभं करणारेत, ते इचार. विंचरायला मशीन का नगं म्हणत्यात, ते इचार. हातानं इचरल्यावर हात कुणाचं सोलतंय? आन दर कोण ठरवणार, आमी का ती?" मग तवा उतरवत म्हणाली, "आन मला नगं झालं तर दुसऱ्या दिशी सोडता यील का? तुज्या आज्याला येत न्हवतं."

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातीवर जे लिहिलं, ते मी चार वेळा वाचलंय. जात काम वाटून थांबत नाही, राबणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, आणि आवड-निवड न बघता जन्मावर काम लादते, हे मला त्यातनं कळलं होतं. चुलतीनं एक अक्षर न वाचता तिथंच बोट ठेवलं. मी तिचे चार प्रश्न कागदावर लिहून त्या संस्थेला पाठवलेत. उत्तर आलेलं नाही. तिनं नाव अजून काढून घेतलेलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. माळ्यावरनं आजाची फणी काढून ठेवली आहे, ती घेऊन येणार. दोस्तांनी हातात धरून बघावी. एका बाजूचे सात खिळे पडलेत, राहिलेले गंजलेत, जरा जपून.