वस्तूची ओळख

एखादी वस्तू आपण ओळखली, असे केव्हा म्हणावे?

१९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या कितीतरी कापड-गिरण्या कायमच्या थंडावल्या. अशा एका ओसाड गिरणीतले होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना पोलाद बसवलेले लाकूड माझ्या टेबलावर असते. वर्गातल्या मुलांना ते खेळणे वाटते. मी सांगतो, "हा धोटा. मागावरच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारा." नाव कळले, काम कळले, मुलांच्या लेखी कोडे सुटते.

पण त्याच्या कुशीतले ते बारीक भोक पाहा. आतली कांडी संपली, की विणकर नव्या कांडीचे सूत त्या भोकातून तोंडाने ओढून घेई. एकाचे उष्टे दुसऱ्याच्या ओठी लागे. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्याचे दार बंद! आणि पगार अधिक तो नेमका तिथेच. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

वस्तू कुणी वापरली, हे तिच्यावरच्या झिजेवरून कळते. कुणाला वापरू दिली नाही, याची खूण मात्र लाकडावर उमटत नाही. ती विचारूनच घ्यावी लागते. आणि तोवर ओळख अपुरीच म्हणायची.